विहिरीतली ओहोटी

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षर म्हणजे ओल्या वाळूवरून कुर्ली चालत गेल्यासारखं. ऱ्हस्व कुठे आणि दीर्घ कुठे हे मला शाळेतही कधी नीट समजलं नाही, आता कुठून समजणार? ही वही मी कोणासाठी लिहीत नाही. तरी चुकून कोणाच्या हाती लागलीच तर त्याने चुका पोटात घालाव्यात आणि वही होती तिथेच, तांदळाच्या कणगीमागे, परत ठेवावी.

माझं माहेर भाट्याच्या खाडीवर. शाळा पलीकडे शहरात, म्हणून रोज तरीतून जावं लागे. मी इतकी लाजरी की तरीवाल्याने "आज शाळा हाय ना गो?" असं विचारलं तरी नुसती मान हलवायची. मास्तरांनी प्रश्न विचारला की उत्तर येत असूनही तोंड उघडत नसे. तरी मराठी चौथी झाले. मग वडील म्हणाले, पुरे. मला वाईट वाटलं, पण दुसऱ्या दिवसापासून आईबरोबर ओहोटीला जायला मिळणार म्हणून आनंदही झाला.

आई कालवं काढायची. खडकाला चिकटलेलं कालव कोयतीच्या एका टोल्यात उघडायची, आतलं मांस टोपलीत टाकायची, आणि खालची शिंपली खडकालाच राहायची. तिने मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "कालव वर जात नाय नि खाली जात नाय. जो खडक भरतीला बुडतो नि ओहोटीला उघडा पडतो, तिथंच ते धरतं." चिखलात काय मिळतं, वाळूत काय मिळतं, वेळेला प्यायचं पाणी कुठे उकरायचं, हे सगळं मी तिच्याकडून शिकले. शाळेत शिकले त्याहून ते जास्त टिकलं.

लग्न होऊन मी आरे-वारेच्या बाजूला आले. आमचं घर एका लहान खाडीच्या तोंडाशी, पण किनाऱ्यापासून बरंच वर, डोंगराच्या उतारावर. ओटीवर बसलं की खाली माडांच्या शेंड्यांवरून समुद्र दिसे. समुद्र दिसे एवढंच, प्यायला पाण्याचा थेंब नाही. पाणी डोंगराच्या पलीकडच्या झऱ्यावरून आणायचं. सकाळी दोन खेपा, संध्याकाळी एक. चैत्र लागला की झऱ्याची धार करंगळीएवढी व्हायची आणि एक हंडा भरायला माझी अख्खी सकाळ जायची.

सासरे जुने तांडेल. चाळीस वर्षं गलबतावर काढून गुडघ्याने हार खाल्ली म्हणून घरी बसलेले. घरधनी, म्हणजे माझा नवरा, मचव्यावर; मचवा मंगळूरहून कौलं घेऊन यायचा, म्हणून ते पावसाळ्याचे चार महिनेच घरी. एके दिवशी सासरे सासूला म्हणाले, "विहीर खणायची. सुनेच्या मानेला बाक यायला लागलाय." ते माझ्याशी बोलत नसत आणि मी त्यांच्याशी बोलत नसे, आमच्याकडे तशीच रीत. पण मी चुलीपाशी बसून ते ऐकलं आणि भाकरी करपवली.

पैसे नव्हते. ते आत्याने दिले. आत्या म्हणजे सासऱ्यांची बहीण, विधवा, सुकी मासळी विकून चार पैसे गाठीला बांधलेली. दीडशे रुपये तिने पदरातून काढून सासऱ्यांसमोर ठेवले आणि म्हणाली, "दादा, हे माजं म्हातारपण हाय. पाणी गोडं लागलं तर सावकाश दे. खारं लागलं तर मीठ विकून दे, पण दे." हसत म्हणाली, पण तिच्याकडे दुसरं काही नव्हतं हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

पाणाड्या आला, घरामागच्या उतारावर हातावर नारळ घेऊन फिरला, एका जागी नारळ उभा राहिला. "वीस हात," म्हणाला. वरच्या पठारावरून, सड्यावरच्या गावातून, चार गडी आणले. त्यांचा मिस्त्री वयस्क होता, जांभ्यात पुष्कळ विहिरी काढलेला, पण समुद्राजवळ त्याने कधी कुदळ मारली नव्हती. काम सुरू झालं. आत्या दर शनिवारी बाजार उरकून यायची, काठावर उभी राहून आत वाकायची आणि विचारायची, "माजे पैसे किती हात खोल गेले गो?"

वरचे चार हात तांबडी माती आणि जांभ्याचे सुटे तुकडे. मग निघाली पिवळसर, बारीक, स्वच्छ वाळू. मिस्त्रीला नवल वाटलं. डोंगरावर वाळू कुठून? त्याखाली गोल गुळगुळीत धोंडे. आणि नऊ हातांवर पहार आपटली ती वेगळ्याच दगडावर. गड्याने तुकडा वर पाठवला, तर तो दगड म्हणजे सगळे शिंपलेच, एकमेकांना वाळूने घट्ट चिकटलेले. तिसऱ्या, खुबे, शंखांचे तुकडे. जणू कोणी शिंपल्यांची चिक्की केली होती.

सासू ते बघून ओरडली. "समुद्राचं घर फोडलंत रे मेल्यांनो! ही त्याची ठेव."

मिस्त्री तर हात जोडूनच उभा राहिला. शेवटी सासूने तोड काढली. समुद्राची वस्तू समुद्राला परत करायची. मग काय, तीन दिवस आम्ही बायका त्या शिंपल्यांच्या टोपल्या डोक्यावर घेऊन उतारावरून खाली जात होतो. पहिल्या टोपलीला हळदकुंकू, एक नारळ, आणि मग गुडघाभर पाण्यात जाऊन टोपली उपडी. वाडीतल्या बायका पुण्य लागेल म्हणून मदतीला आल्या. गाणी म्हणत गेलो, भिजून आलो. मला त्यात पाप-पुण्य काही दिसलं नाही, पण इतकी मजा मला लग्नानंतर पहिल्यांदाच आली हे खरं.

तिसऱ्या दिवशी सासू थकली. म्हणाली, "उरलेलं राहू दे काठावर. त्याला पोचलं." गड्यांनी राहिलेला थर फोडून विहिरीशेजारी ढीग घातला. तेरा हातांवर तो दगड संपला आणि खाली निळसर काळा चिखल लागला. पाणी नाहीच. मिस्त्रीने पहार टाकली.

"हा खाडीचा गाळ हाय," तो सासऱ्यांना म्हणाला. "समुद्र आतून इथवर पोचलेला हाय. पाणी लागेल ते खारंच. तुम्ही म्हणाल तर अजून सात हात जातो, पाणाड्याचा शब्द तेवढा. पण मग माज्या नावानं बोंब मारू नका."

सासऱ्यांनी काम थांबवलं. तो शनिवार होता. आत्या आली, तिला कोणी काही सांगितलं नाही, पण ढीग आणि थांबलेलं काम बघून ती समजली. नेहमीचा प्रश्न तिने त्या दिवशी विचारला नाही. ढिगाजवळ टोपली ठेवून नुसती बसली.

मी ढिगाच्या दुसऱ्या बाजूला होते. हातात एक तुकडा घेतला होता. का कोण जाणे, लहानपणी भाट्याला सगळं तोंडात घालून बघायची सवय होती, म्हणून असेल, मी तो चाटला.

"काय गो," आत्या म्हणाली, "घरातलं मीठ संपलं काय?"

मला लाज वाटली. मी तुकडा तिच्यापुढे धरला. तिने इकडेतिकडे बघितलं, कोणी बघत नाही अशी खात्री केली आणि जीभ लावली. मग दुसऱ्या बाजूने लावली.

"अळणी हाय!" ती मोठ्याने म्हणाली. "वयनी, इकडं ये! हे चाट!"

सासू आली. तिनेही चाटला. आवाज ऐकून समोर येऊन उभ्या राहिलेल्या गड्यांना वाटलं असेल, घरातल्या तिन्ही बायकांचं डोकं एकदम बिघडलं.

"मग हे समुद्राचं नव्हे?" सासूने विचारलं.

"समुद्राचंच," मी हळू म्हणाले. "पण आये, समुद्र आता इथं नाय. कधीचाच गेलाय. पावसानं धुऊन धुऊन ह्यातलं मीठ गेलं."

हे म्हणताना मलाच पुरतं कळलं नव्हतं मी काय म्हणते आहे. गडी जेवायला गेले तेव्हा मी सासूला म्हटलं, मला खाली जाऊन बघायचं आहे. एका बाजूला पायऱ्या ठेवलेल्या होत्या, त्यापुढे शिडी. सासूने माझ्या कमरेला दोर बांधला, दुसरं टोक स्वतःच्या मनगटाला गुंडाळलं. आत्या म्हणाली, "वयनी, ती पडली तर तूपण जाशील की गो." सासू म्हणाली, "मग तू माजा पदर धर."

खाली गारवा होता. चिखलावर पाय टेकले आणि मला एकदम माहेरी आल्यासारखं वाटलं. तोच मऊपणा, तोच वास, फक्त फार जुना, उदबत्ती विझून गेल्यावर राहतो तेवढाच. कोपऱ्यात चिखलातून काळ्या खडकाचा एक उंचवटा डोकावत होता. मी हाताने पुसला. त्यावर कालवं होती. खालच्या शिंपल्या, खडकाला घट्ट धरून बसलेल्या, आईच्या कोयतीनंतर राहायच्या तशाच. आईचे शब्द आठवले. वर जात नाय नि खाली जात नाय.

म्हणजे भरती इथे येत होती. मी उभी होते तिथे, माझ्या डोक्याच्याही वर पाणी चढत होतं आणि उतरत होतं.

मग मी खालून वर बघत गेले. चिखल. चिखलावर शिंपले. शिंपल्यांवर गोल धोंडे. धोंड्यांवर स्वच्छ वाळू. सगळ्यांत वर तांबडी माती आणि तिच्यात लोंबणारी झाडांची मुळं. आणि मला हसू फुटलं, एकटीच हसत सुटले. कारण ती वाट मला पाठ होती! ओहोटीला पाण्याच्या कडेपासून घराकडे यायला निघालं की पायाखाली हेच लागतं, ह्याच क्रमाने. आधी चिखल, मग शिंपल्यांची रांग, मग धोंडे, मग कोरडी वाळू, मग केवड्याचं बन आणि माती. फरक एवढाच की किनाऱ्यावर ते आडवं पसरलेलं आणि इथे उभं, एकावर एक रचलेलं. समुद्र जसजसा खाली सरकत गेला तसतशी किनाऱ्याची पुढची पायरी आधीच्या पायरीवर येऊन बसली. एक ओहोटी लागली होती आणि ती संपलीच नव्हती. किती वर्षं लागली असतील? शंभर? हजार? आमच्या चौथीच्या पुस्तकात ते नव्हतं.

"काय झालं गो? भूत दिसलं काय?" वरून सासू ओरडली.

"नाय आये. ओहोटी दिसली."

वर येऊन मी सगळं सांगितलं. एवढं सलग मी त्या घरात कधीच बोलले नव्हते. आणि शेवटी मुद्द्याचं सांगितलं. चिखल फोडायचा नाही. ओहोटीला चिखलात उकरलं तर पाणी खारं लागतं, पण वरच्या वाळूत उकरलं तर गोडं लागतं, हे कुठल्याही कालववालीला ठाऊक असतं. डोंगराचं पाणी वाळूशिंपल्यांतून उतरतं आणि चिखलावर येऊन थांबतं. तेव्हा खाली न जाता डोंगराच्या बाजूला, शिंपल्यांच्या थरात, आडवं जायचं.

संध्याकाळी सासरे ओटीवर होते. मी दाराआड. मध्ये सासू.

"तिला सांग," सासरे म्हणाले, "समुद्राला बाण मारून मागं सारला ही गोष्ट आम्हालापण ठाऊक हाय. पण बाण मारला तो एकदम. हे असं थराथरानं कसं?"

"आये, त्यांना सांगा, मला बाणाचं ठाऊक नाय. पण शिंपल्यांचे चार हात एका दिवसात साचत नाहीत."

आत्या पान लावत होती. म्हणाली, "बाण हळू गेला असेल, दादा. जुना असेल."

सासरे हसले नाहीत, पण मिशी हलली. "चाळीस वर्षं मी समुद्रावर काढली," ते म्हणाले.

"समुद्रावर काढलीत," सासू म्हणाली. "ओहोटीच्या चिखलात कधी उतरलात? तुम्ही आलात की तुम्हाला गडी खांद्यावरून उचलून आणायचे."

दुसऱ्या दिवशी अमावस्या होती, ओहोटी मोठी. सकाळीच आम्ही चौघं खाली गेलो. पुढे मी, मागे सासू, तिच्यामागे काठी टेकत सासरे, शेवटी आत्या. पाण्याच्या कडेला पोचून मी वळले आणि घराच्या दिशेने चालायला लागले. चिखल आला की सासूला सांगायची, "आये, हा चिखल." ती मागे वळून सांगायची, "हा चिखल." सासरे म्हणायचे, "तिला सांग, दिसला." असं करत शिंपले झाले, धोंडे झाले, वाळू झाली. काळ्या खडकावरची कालवं त्यांनी काठीने टोकरून बघितली. वाळूत मी हातभर खड्डा उकरला. थोड्या वेळाने तळाला पाणी जमलं. मी ओंजळ सासूला दिली, सासूने त्यांना. ते प्यायले. मग मागे चिखलात जाऊन स्वतः काठीने खड्डा केला, त्यातलं पाणी बोटाने जिभेला लावलं आणि थुंकले.

आणि तेव्हा, रीत बाजूला ठेवून, सरळ माझ्याकडे बघून म्हणाले, "पोरी, हे तू आधी का नाय बोललीस?"

मी वळले आणि पळत घरी आले.

मिस्त्री आडवं खणायला तयार नव्हता. "विहीर खाली जाते, आडवं जातं ते उंदराचं बीळ," म्हणाला. सासऱ्यांनी त्याला एवढंच सांगितलं की खारं लागलं तरी मजुरी पुरी मिळेल. डोंगराच्या अंगाने शिंपल्यांचा थर त्यांनी दोन हात पोखरला. पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी दगड ओला दिसायला लागला, घाम आल्यासारखा. तिसऱ्या दिवशीही ओलच, पाणी नाही; गडी घरी गेले ते सासूने उंबऱ्यात दिवा लावून देवाला गाऱ्हाणं घातल्यावर.

सकाळी मी सगळ्यांच्या आधी उठून गेले. चिखलावर आभाळ पडलं होतं. घोट्याएवढं, हलत नसलेलं, स्वच्छ पाणी.

कोणाला हाक मारायची तेही सुचेना. आत्या शनिवारपासून मुक्कामाला होती, तीच माझ्या मागोमाग आली. "थांब," म्हणाली, "पैसे माजे, पहिला घोट माजा." मी उतरून लोटा भरून आणला. तोवर सासू-सासरे, गडी, शेजारच्या बायका, सगळे काठावर जमले. आत्याने लोटा तोंडाला लावला. तोंड पुसलं. चेहऱ्यावर काही नाही. पुन्हा लावला आणि आख्खा रिकामा केला.

"अगो, बोल ना काहीतरी!" सासू रडकुंडीला आली.

"काय बोलू?" आत्या म्हणाली. "आणखी एक आण. तहान नाय भागली."

मग जो गलका झाला तो सांगता येत नाही. मिस्त्रीने ओंजळ पिऊन ती ओली बोटं स्वतःच्या कपाळाला लावली. सासूने वाडीभर सांगितलं की शिंपले परत केले म्हणून समुद्र प्रसन्न झाला. मी तिला दुरुस्त केलं नाही. तिचा आनंद तसाच बरा होता. वैशाख संपेपर्यंत पाणी कमरेएवढं झालं आणि पावसाळ्यात घरधनी आले तेव्हा सासरे त्यांना हाताला धरून आधी विहिरीवर घेऊन गेले, मग घरात.

पैसे मात्र तसेच होते. ते कसे फिटले तेही सांगते. पाऊस संपल्यावर खाडीपलीकडचा एक चुना भाजणारा आमच्याकडे पाणी प्यायला थांबला. ते लोक खाडीतले शिंपले गोळा करून भट्टीत भाजतात आणि बांधकामाला चुना विकतात. त्याला ढीग दिसला. एक तुकडा फोडून बघितला आणि, मला हसू आवरेना, त्यानेही चाटला!

"हा देणार काय?" त्याने विचारलं. "खाडीच्या शिंपल्यात मीठ राहतं, भिंतीला लोणा धरतो. हे धुतलेलं हाय. ह्याचा चुना भारी निघेल."

आत्या तिथेच होती. तिने सासूकडे बघितलं. "वयनी, किती टोपल्या परत केल्यास गो समुद्राला?"

"मोजल्या नाय," सासू बारीक आवाजात म्हणाली.

"हळदकुंकू वाहून माजे पैसे बुडवून आलीस की!" आणि आत्या इतकी हसली की तिला ठसका लागला. सासूही हसली. त्या दिवसापासून वाडीत कोणी काही हरवलं की म्हणायचे, समुद्राला परत केलं वाटतं.

तो ढीग गेला. मग विहिरीच्या खालच्या अंगाला, पाण्याला धक्का लागणार नाही अशा बेताने, वरची माती-वाळू बाजूला करून आम्ही तोच थर आणखी काढला. दोन हिवाळे काढत होतो. मी आणि घरातल्या बायकांनी फोडायचा, चुनेवाल्याने होडीतून न्यायचा. फोडताना कधी एखादा शिंपला अख्खा निघायचा, दोन्ही पाखं मिटलेला, तो मी त्याला देत नसे.

आत्याला पैसे तुकड्यातुकड्याने पोचत राहिले. तिसऱ्या वर्षी माघात चुनेवाल्याची शेवटची होडी गेली, तेव्हा सासऱ्यांनी उरलेले बावीस रुपये मोजून माझ्या हातात दिले. म्हणाले, "तू दे." मी ते आत्यापुढे ठेवले. तिने एकेक रुपया दगडावर वाजवून बघितला, पदराच्या टोकाला गाठ मारली, आणि म्हणाली, "फिटले. पै न पै."